प्लेट बदलण्याआधी तेलाची डबी बघा

भरलेली पिकअप घेऊन बाजाराला निघालात आणि वाटेत क्लचचं पेडल तळाला जाऊन बसलं, तर जमलेल्या चार जणांतले तिघे एकच निदान सांगतील: प्लेट गेली. गॅरेजातही बऱ्याचदा हेच ऐकू येतं आणि गिअरबॉक्स उतरवायची बोलणी सुरू होतात. मजुरी, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, वर गाडी दोन दिवस उभी. त्या बोलण्यांना हो म्हणण्याआधी बॉनेट उघडा आणि क्लचच्या तेलाची डबी बघा. जुन्या पिकअप चालवणाऱ्या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे.

आधी आपल्या गाडीला क्लच कसा आहे ते पाहून घ्या. पेडलपासून गिअरबॉक्सपर्यंत तार गेली असेल, तर पुढचं बरंचसं तुमच्या कामाचं नाही. तेलावर चालणाऱ्या क्लचमध्ये पेडलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला मास्टर सिलिंडर असतो आणि खाली गिअरबॉक्सच्या कडेला स्लेव्ह सिलिंडर. दोघांच्या मध्ये एक बारीक पाइप आणि थोडा रबरी होज. तुम्ही पेडल दाबता तेव्हा मास्टरचा पिस्टन तेल ढकलतो, त्या दाबाने स्लेव्हची दांडी बाहेर येते, दांडी फोर्क ढकलते आणि क्लच सुटतो. एवढाच हा कारभार. यातलं तेल गळलं किंवा त्यात हवा शिरली की पेडल दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. प्लेट बिचारी आत धडधाकट असते.

म्हणून पहिला प्रश्न असा: क्लच स्लिप होतोय की सुटत नाही? चढावर रेस वाढवली, इंजिन ओरडलं, पण गाडी जागची पुढे सरकेना आणि जळका वास आला, तर तो स्लिप. तिथे प्लेटचा संशय रास्त आहे. पण इंजिन चालू असताना गिअर पडत नाही, रिव्हर्स टाकताना करकर आवाज येतो आणि इंजिन बंद केलं की सगळे गिअर अलगद पडतात, तेव्हा क्लच सुटत नाही एवढं नक्की. अशा वेळी आधी तेलाची बाजू तपासायची. दोन-चारदा पेडल मारल्यावर गिअर पडू लागला, तर बोट सरळ हायड्रॉलिककडेच जातं.

डबीतली पातळी खाली गेली असेल तर कुठेतरी गळती आहे, असंच धरून चाला. ब्रेकमध्ये लाइनर झिजले की तेल हळूहळू खाली जातं, तिथे थोडी घट स्वाभाविक असते. क्लचमध्ये उलटं घडतं. प्लेट झिजते तसा स्लेव्हचा पिस्टन आत सरकतो आणि थोडं तेल डबीत परत येतं. त्यामुळे ‘प्लेट झिजली म्हणून तेल कमी झालं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नका.

आता गाडीखाली जायचं. सपाट जागा, हँडब्रेक, चाकांना दगड. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, मग तो कितीही मुरलेला मेकॅनिक असो. स्लेव्हच्या तोंडावर रबराचा बूट असतो. त्याची कड बोटाने मागे सारा. आत कोरडी धूळ निघाली तर स्लेव्ह बहुधा शाबूत आहे. काळपट, पातळ तेलाची धार बोटावरून मनगटाकडे ओघळली, तर आतला वॉशर फाटलाय. मग केबिनमध्ये या, पेडलजवळची मॅटिंग उचला, पुशरॉडवरून बोट फिरवा. तिथे ओल असेल किंवा मास्टरखालच्या पत्र्याचा रंग फुगून सुटला असेल, तर चोर मास्टर. क्लचचं तेल म्हणजे ब्रेक ऑइलच आणि ते रंग खातं, त्यामुळे गळतीची खूण ते स्वतःच ठेवून जातं.

कधीकधी बाहेर थेंबही दिसत नाही, तरी पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातं. तेव्हा मास्टरचा वॉशर आतल्या आत तेल मागे सोडत असतो. पेडल सोडल्यावर लगेच वर येत नसेल तर रबरी होजही पाहा. जुना होज आतून फुगतो, चोंदतो आणि तेल परत येऊ देत नाही. शेवटची परीक्षा सोपी आहे. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने स्लेव्हच्या दांडीकडे बघायचं. दांडी दमदार बाहेर येतेय, पूर्ण ढकलतेय आणि तरीही क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे: फोर्क, रिलीज बेअरिंग, प्रेशर प्लेट. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरवायला हरकत घेऊ नका. काही गाड्यांत स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आतच, बेअरिंगसकट असतो. तिथे त्याच्यासाठीही गिअरबॉक्स खाली घ्यावाच लागतो. मग प्लेट आणि बेअरिंगही त्याच वेळी बघून घेणं शहाणपणाचं.

नव्या वॉशरांची किट टाकायची की अख्खा सिलिंडर बदलायचा? सिलिंडर उघडून आतली भिंत पुसा आणि उजेडात धरा. गंजाचे खड्डे दिसले तर नवा वॉशर त्या खड्ड्यांवर घासून थोड्याच दिवसांत फाटणार. पॉलिश पेपर मारून वेळ भागवणारे आहेत, मला ते पटत नाही. भिंत गुळगुळीत असेल तरच किट टाका. मास्टर आणि स्लेव्ह एकाच वयाचे असतात. एक गेला की दुसऱ्यावर नव्या दाबाचा भार येतो, म्हणून शक्य असेल तर दोन्हींचं काम एकदमच उरका. पाइपचे नट सोडताना साधा पाना घसरून कोपरे गोल होतात, तेव्हा नटला घट्ट बसणारा पाना वापरा. तांब्याचे वॉशर असतील तिथे नवेच टाका.

तेल डबीच्या झाकणावर लिहिलेलंच घाला, जुन्या पिकअपला बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचं तेल किंवा डिझेल त्यात कधीही जाता कामा नये. त्याने रबर फुगतं आणि नवे वॉशरही निकामी होतात. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे अर्धी वापरून महिनोन्महिने पडलेली बाटली ओतू नका, विशेषतः कोकणासारख्या दमट हवेत. दर दोन वर्षांनी तेल बदललं तर सिलिंडर आतून गंजायला सवड मिळत नाही.

सगळ्यात जास्त घाई एअर काढताना होते आणि काम फसतं ते तिथेच. डबी भरा. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेल घातलेल्या बाटलीत बुडवा. आतल्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल सोडायचं, बुडबुडे आले की निपल बंद करायचं आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. हा क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा परत आत जाते. डबी मध्येच रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. एवढं करूनही पेडल मऊच राहिलं, तर निपल स्लेव्हच्या वरच्या बाजूला आहे ना ते पाहा, कारण हवा वरच अडकते. तरी जमेना तर मोठ्या सिरिंजने निपलमधून सावकाश तेल वर डबीकडे ढकलून बघा. हट्टी हवा बऱ्याचदा याच वाटेने निघते.

काम झाल्यावर पेडलला वरच्या टोकाला थोडी मोकळी चाल हवीच. पुशरॉड ताणून बसवला तर मास्टरमधलं परतीचं छिद्र बंद राहतं, दाब अडकतो आणि चांगली प्लेट जळते.

वाटेत बंद पडलात तर? जुन्या गाडीत इंजिन बंद करून पहिला गिअर टाकायचा आणि सेल्फ मारायचा, की गाडी झटका देऊन निघते. मोकळ्या, सपाट रस्त्यावर जवळच्या गॅरेजपर्यंत जायला एवढं पुरे. पण गर्दीत थांबायचं झालं तर प्रत्येक वेळी इंजिन बंद करावं लागणार, म्हणून लासलगावच्या बाजारात कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत किंवा कसारा घाटात माल भरून हा प्रयोग नको. गाडी कडेला घ्या, माल दुसऱ्या गाडीत चढवा. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची डबी एकच असते. तुमची तशी असेल आणि तेल खाली गेलं असेल, तर सपाट रस्त्यावरही गाडी हलवू नका. मेकॅनिकला तिथेच बोलवा आणि आधी ब्रेक तपासून घ्या.