माळीणनंतरही नकाशे वेगवेगळ्या कपाटांत

शिनोली (ता. आंबेगाव) : घोडेगावहून शिनोलीमार्गे डिंभे धरणाच्या पलीकडे गेले की माळीणचा परिसर लागतो. ३० जुलै २०१४ रोजी तेथे दरड कोसळून दीडशेहून अधिक जणांचा बळी गेला. पुनर्वसनासाठी आमडे येथे उभारलेल्या वसाहतीचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले आणि त्याच जूनच्या पावसात तेथील रस्ते व भराव खचले.

उतारावरील बांधकामासाठी लागणारी माहिती अनेक दारी विखुरलेली असते. खडक-मातीची नोंद भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे, पावसाची हवामान खात्याकडे, हद्दी भूमी अभिलेख कार्यालयात. ओढा पूर्वी कोठून वाहत होता, हे मात्र गावकऱ्यांनाच ठाऊक. ही शेवटची नोंद कोणत्याच संगणकात नसते. शिवाय प्रमाण जुळत नाही. दरडप्रवणतेचे राष्ट्रीय नकाशे १:५०,००० प्रमाणाचे. त्यावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. एवढ्यात अख्खी वाडी मावते! १९ जुलै २०२३ रोजी गाडली गेलेली इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती.

भराव टाकण्यापूर्वी एका पावसाळ्याचे पाणी त्या जागेवर मोजावे, अशी अट निविदेत घालण्यास फारसा खर्च येत नाही. आड येते ती लोकार्पणाची तारीख.