गल्ल्यापलीकडचे गणित

गेल्या आठवड्यात डहाणूच्या एका व्यापारी घरातील कन्या वडिलांसह आली. बी.कॉम. झाली; आता अर्थशास्त्रात एम.एस्सी. करावयाचे आहे. रिझर्व्ह बँकेने 1987 साली मुंबईत स्थापिलेल्या, गोरेगाव येथील इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत वाणिज्य पदवीधरांनाही अर्ज करता येतो. मात्र प्रवेशपरीक्षेत गणिताची कसोटी लागते. तिने ते अकरावीतच सोडले होते, कारण ‘दुकानापुरता हिशेब पुरे’ असे घरी ठरले होते.

तलासरीकडची गिऱ्हाइके भातकापणीनंतर किती उधारी फेडतात, हे ती वही न उघडता सांगते. अर्थशास्त्राची दृष्टी घरीच लाभली, उणीव गणिताची. मी सुचविले, एक वर्ष कलन आणि संख्याशास्त्राला द्यावे, मग अर्ज करावा.

वडील क्षणभर थांबून म्हणाले, “तोवर गल्ला मी सांभाळीन.”

पालकहो, अकरावीचे विषय निवडताना हा गल्ला आठवावा.