स्तनरोपणाचे नवे तंत्र आणि नोंदीचा जुना प्रश्न

सौंदर्यशस्त्रक्रिया हा विषय मुंबई-पुण्याच्या धनिक वस्त्यांपुरता आहे, असे समजण्याचे दिवस मागे पडले. वांद्र्यातील तरुणीच्या मोबाइलवर स्तनवर्धनाची जी जाहिरात दिसते, तीच अमरावतीच्या राजकमल चौकातील किंवा अकोल्याच्या टिळक मार्गावरील विद्यार्थिनीच्या मोबाइलवरही दिसते. रोपण नव्या पिढीचे आहे, आकार अगदी नैसर्गिक दिसेल, दुसऱ्या दिवशी घरी जाता येईल, अशी तिची भाषा असते. घरात मात्र या विषयाचा उच्चार होत नाही. उच्चार होत नाही म्हणून प्रश्न विचारले जात नाहीत. आणि प्रश्न विचारले जात नाहीत म्हणून जाहिरात हेच एकमेव शिक्षण ठरते.

या शस्त्रक्रियेकडे दोन वाटांनी स्त्रिया येतात. एक निरोगी असते आणि स्वेच्छेने येते. दुसरीचा स्तन कर्करोगाने हिरावून घेतलेला असतो, आणि गेलेले काही अंशी परत मिळावे एवढीच तिची इच्छा असते. पहिलीला थिल्लर ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तथापि दोघींच्या शरीरात जाणारी वस्तू पुष्कळदा एकच असते आणि तिचे धोकेही बव्हंशी समान असतात. म्हणून रोपण किती नवे आहे, या प्रश्नाला दोघींच्याही दृष्टीने दुय्यम महत्त्व आहे. ते शरीरात गेल्यावर त्याची नोंद कोण ठेवतो आणि दहा वर्षांनी त्या स्त्रीला कोण शोधून काढू शकतो, हा खरा प्रश्न आहे.

पिशवीच्या आत काय असते

१९६२ साली अमेरिकेतील ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यचिकित्सकांनी सिलिकॉन जेलने भरलेली पिशवी प्रथम एका स्त्रीच्या शरीरात बसविली. तत्पूर्वी पॅराफिन टोचण्याचे, पुढे द्रव सिलिकॉन टोचण्याचे प्रयोग झाले होते आणि त्यांनी अनेक स्त्रियांची कायमची हानी केली होती. आजच्या रोपणांचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. बाहेरचे आवरण दोन्हींत सिलिकॉनचेच असते; आत निर्जंतुक मिठाचे पाणी असते किंवा सिलिकॉनचे जेल. पाण्याची पिशवी फुटली तर पाणी शरीरात जिरते आणि स्तन बसल्याचे तात्काळ दिसते. जेलची पिशवी फुटली तर पुष्कळदा वर्षानुवर्षे कळतही नाही. नव्या पिढीचे जेल पूर्वीपेक्षा घट्ट असते. आवरण फाटले तरी ते सहसा वाहून जात नाही. आकार गोल किंवा थेंबासारखा, पृष्ठभाग गुळगुळीत किंवा खरबरीत, असे आणखी भेद आहेत. डोळ्यांना गुळगुळीत भासणाऱ्या पण अतिसूक्ष्म खरबरीतपणा असलेल्या एका रोपणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली.

शस्त्रक्रियेच्या पद्धतीही बदलल्या आहेत. छेद स्तनाखालच्या घडीत, स्तनाग्राच्या कडेने किंवा काखेत घेतात. पिशवी ग्रंथींच्या मागे ठेवायची, छातीच्या स्नायूच्या मागे ठेवायची, की वरचा भाग स्नायूखाली व खालचा ग्रंथींखाली असा मध्यममार्ग काढायचा, हे शरीराच्या ठेवणीवरून ठरते. पोटाची वा मांडीची चरबी काढून स्तनात टोचण्याचा मार्गही आता रूढ होत आहे. त्यात परकी वस्तू नसते. परंतु त्या चरबीचा काही भाग शरीर शोषून घेते, एका वेळी फार मोठा फरक साधत नाही, आणि चरबीच्या गाठी झाल्या तर पुढे क्ष-किरण तपासणीत संभ्रम निर्माण होतो.

यांपैकी कोणतेही रोपण जन्मभराचे नसते, ही गोष्ट जाहिरातीत क्वचितच आढळते. अमेरिकी प्रशासनाच्या २०११ मधील अहवालानुसार स्तनवर्धनासाठी रोपण केलेल्या दर पाच स्त्रियांमागे एकीला, आणि कर्करोगानंतर पुनर्रचना केलेल्या दर दोघींमागे एकीला, दहा वर्षांच्या आत ते काढून टाकावे लागते. परक्या वस्तूभोवती शरीर स्वतःचे एक आवरण तयार करते. ते आवळले तर स्तन कठीण होतो आणि दुखतो. जेलची पिशवी न कळत फुटली आहे काय हे पाहण्यासाठी पाच-सहा वर्षांनी व नंतर दर दोन-तीन वर्षांनी सोनोग्राफी किंवा एमआरआय करावी, असा त्याच प्रशासनाचा सल्ला आहे. सारांश, शस्त्रक्रियेचा खर्च हा एकंदर खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो.

नवेपणाचा दाखला

रोपणाच्या साठ वर्षांच्या इतिहासात प्रत्येक सुधारणा आधीचा दोष दूर करण्यासाठी आली आणि तिचे स्वतःचे दोष उघड व्हायला पुन्हा दहा-वीस वर्षे लागली. १९९२ मध्ये अमेरिकेने जेलच्या रोपणांचा सौंदर्यासाठी होणारा वापर थांबविला, कारण तीस वर्षे विक्री होऊनही त्यांच्या सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा उत्पादकांजवळ नव्हता. १९९५ मध्ये त्यांतील अग्रगण्य डाऊ कॉर्निंग कंपनीने खटल्यांच्या भाराखाली दिवाळखोरी जाहीर केली. १९९९ मध्ये एका उच्चस्तरीय वैद्यकीय समितीने या रोपणांमुळे सर्व शरीराला व्यापणारे विकार होतात असे सिद्ध होत नाही, असा निर्वाळा दिला, आणि २००६ मध्ये बंदी उठली. भीती अतिरंजित असू शकते, हा त्यातील एक धडा. पण तो निष्कर्ष काढायलाही इतकी वर्षे लागली, कारण नोंदी आधीपासून ठेवलेल्याच नव्हत्या.

खरबरीत रोपणांची कथा याच्या उलट आहे. आवरण आवळू नये आणि थेंबाच्या आकाराची पिशवी जागच्या जागी फिरू नये, म्हणून पृष्ठभाग खरबरीत करण्यात आला. ती सुधारणा मानली गेली. पुढे काही स्त्रियांत रोपणाभोवतीच्या आवरणात लसिका पेशींचा एक दुर्मीळ कर्करोग आढळू लागला. २०११ मध्ये त्याची पहिली अधिकृत सूचना निघाली. जुलै २०१९ मध्ये अॅलरगन कंपनीची विशिष्ट खरबरीत रोपणे जगभरातून परत मागविण्यात आली. त्या वेळेपर्यंत जगात अशा ५७३ रुग्णांची आणि ३३ मृत्यूंची नोंद झाली होती. लाखो रोपणांच्या मानाने हा आकडा लहान आहे, आणि त्रास नसलेल्या स्त्रियांनी रोपण काढून टाकण्याची गरज नाही, असेही तेव्हाच सांगण्यात आले. तथापि नवेपणा हा सुरक्षिततेचा दाखला ठरत नाही, एवढे त्यावरून निःसंशय ठरते.

हरवलेले रुग्ण

फ्रान्समधील पीआयपी या कंपनीचे प्रकरण अधिक गंभीर होते. वैद्यकीय सिलिकॉनऐवजी स्वस्त औद्योगिक सिलिकॉन भरून तिने आपली रोपणे देशोदेशी विकली. २०१० मध्ये हा प्रकार उघडकीस आला आणि २०१३ मध्ये संस्थापकाला चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. परंतु कोणत्या स्त्रीच्या शरीरात ही पिशवी आहे, हे शोधताना अनेक सरकारांच्या तोंडचे पाणी पळाले. या धड्यानंतर ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स व इंग्लंड यांनी स्तनरोपणांच्या राष्ट्रीय नोंदवह्या सुरू केल्या किंवा बळकट केल्या.

भारताला हा धडा वेगळ्या रोपणाने शिकविला. खुब्याच्या सांध्याचे एएसआर हे रोपण ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागविण्यात आले. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याविरुद्ध पाऊल उचलले; केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल २०१८ मध्ये बाहेर आला. देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणा लागत नव्हता. नुकसानभरपाईचे सूत्र ठरले. पण घेणारे हरवलेले! खुब्याच्या शस्त्रक्रियेविषयी कोणी संकोच बाळगीत नाही, तरी ही गत. जी शस्त्रक्रिया शेजारणीलाही सांगितली जात नाही, तिच्या बाबतीत काय होईल, याची कल्पना करणे अवघड नाही.

वऱ्हाडातील शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडू नये. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या, तेव्हा पंचनाम्याला आलेल्या अधिकाऱ्याने प्रथम काय मागितले? पावती, पिशवी आणि तिच्यावरील लॉट क्रमांकाची चिठ्ठी. ज्याने पिशवी जपून ठेवली त्याची तक्रार उभी राहिली. ज्याने ती फेकून दिली त्याचे नुकसान खरे असूनही पुराव्याअभावी लटके पडले. एका हंगामाच्या बियाण्यासाठी जी दक्षता शहाणपणाची ठरते, ती शरीरात दहा-पंधरा वर्षे राहणाऱ्या वस्तूसाठी का घेतली जाऊ नये?

वऱ्हाडाची वाट

शरीराची मोडलेली घडण पुन्हा उभी करणे ही विद्या महाराष्ट्राला परकी नाही. टिपूविरुद्धच्या युद्धात नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या मराठी गाडीवानाचे नाक पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून नव्याने घडविले, आणि १७९४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापून आल्यावर युरोपचे वैद्यक चकित झाले. स्वतंत्र भारतात प्लॅस्टिक सर्जरीचा पहिला स्वतंत्र विभाग १९५८ मध्ये डॉ. सी. बालकृष्णन यांनी नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात उभा केला. या शास्त्राचा आपल्याकडील उगम असा पुनर्रचनेच्या गरजेतून झाला आहे. सौंदर्यवर्धन ही त्याची नंतरची शाखा.

भारतात २०२२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा अंदाज आहे. या आकड्यांत दर्यापूर, मूर्तिजापूर, अचलपूर येथील स्त्रियाही आहेत. त्यांतील कित्येकींची वाट नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयाकडे किंवा बडनेरा-अकोल्याहून रेल्वेने मुंबईच्या टाटा रुग्णालयाकडे जाते. वऱ्हाडच्याच गाडगेबाबांच्या नावाने दादरला चालणारी धर्मशाळा अशा रुग्णांना आसरा देते. शस्त्रक्रिया परगावी होते, कागद परगावी राहतात आणि स्त्री गावी परतते. पुढे दुखणे निघाले तर गावच्या डॉक्टरांपुढे ठेवायला तिच्याजवळ बहुधा एक चुरगळलेली चिठ्ठी असते.

पुनर्रचना ही चैन आहे, असा एक समज आहे. तो कायद्यालाही मान्य नाही. अमेरिकेने १९९८ मध्येच कायदा करून, स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा कंपनीने पुनर्रचनेचा व बाहेरून लावावयाच्या कृत्रिम स्तनाचाही खर्च द्यावा, असे बंधन घातले. आपल्या विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या निर्देशांतही सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च नाकारण्याच्या प्रमाणित कलमातून अपघात, भाजणे व कर्करोग यांनंतरची पुनर्रचना स्पष्टपणे वगळली आहे. शिक्षक वा कारकुनाच्या कुटुंबातील स्त्रीचा असा दावा केवळ ‘सौंदर्यासाठी’ असा शेरा मारून फेटाळला गेला, तर हे कलम दाखविण्याचा तिला अधिकार आहे. ते माहीतच नसेल, तर अधिकार कागदावरच राहतो.

गरिबांचे काय? तामिळनाडूने २०१८ मध्ये चेन्नईच्या स्टॅनले रुग्णालयात सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेसह स्तनाची शस्त्रक्रिया मोफत देऊ केली, तेव्हा टीकेचे मोहोळ उठले. साथीच्या रोगांना पैसा पुरत नसता हे कशाला, असा एक पक्ष. शरीराविषयीची खंत श्रीमंतांनाच असते काय, असा दुसरा. दोन्हींत तथ्य आहे. परंतु महाराष्ट्रापुढे तो वाद सोडविण्याआधीचे काम शिल्लक आहे. आजची महात्मा फुले जनआरोग्य योजना २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत अमरावती होता. कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार तिच्यातून मिळतात. स्तन काढण्यापूर्वीच त्या स्त्रीला पुनर्रचनेचे पर्याय सांगितले जावेत: रोपण, पाठीच्या किंवा पोटाच्या ऊतींतून केलेली पुनर्रचना, बाहेरून लावण्याचा साधा कृत्रिम स्तन, किंवा यांपैकी काहीही नको हा तितकाच सन्मान्य पर्याय. तिने जो निवडला त्याचा भार योजनेने उचलावा, ही मागणी अवाजवी नाही.

काय करता येईल

पहिली गोष्ट स्त्रीच्याच हातातील आहे. उत्पादकाचे नाव, रोपणाचा प्रकार व आकारमान, लॉट क्रमांक, शस्त्रक्रियेची तारीख आणि बाजू, एवढ्या नोंदी असलेले कार्ड मागून घ्यावे आणि जमिनीच्या सातबाऱ्याइतकेच जपावे. ते देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याकडे शस्त्रक्रिया करून घेऊ नये.

दुसरी गोष्ट शासनाची. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. उपकरणांमुळे होणाऱ्या अपायांची नोंद घेणारा राष्ट्रीय कार्यक्रम ६ जुलै २०१५ पासून चालू आहे. पण अपाय झाल्यावर केलेली तक्रार आणि प्रत्येक रोपणाची आधीच केलेली नोंद यांत महदंतर आहे. स्तनरोपणांची सक्तीची नोंदवही हवी, आणि ती खासगी दवाखान्यांनाही बंधनकारक हवी.

तिसरी गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांची. अकोल्याचे शासकीय महाविद्यालय २००२ पासून आहे; २०२४ मध्ये अमरावती, बुलडाणा व वाशीम येथेही अशी महाविद्यालये सुरू झाली. परगावी शस्त्रक्रिया करून आलेल्या स्त्रीला ठराविक काळाने तपासणारा, तिचे कागद सांभाळणारा एक कक्ष तेथे उभारणे फार खर्चाचे नाही. त्या कक्षाच्या दाराशी तिला संकोच वाटू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी लागेल.

तंत्र दरवर्षी बदलेल. आजचे नवे रोपण उद्या जुने होईल, आणि त्याचा एखादा दोष कदाचित २०४० मध्ये कळेल. तो कळेल त्या दिवशी वऱ्हाडातील त्या स्त्रीपर्यंत निरोप पोचेल की नाही, हे आज लिहिल्या जाणाऱ्या किंवा न लिहिल्या जाणाऱ्या एका ओळीवर अवलंबून आहे.