वेतन वाढेल, बढतीचे काय?

आठव्या केंद्रीय वेतन आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झाली आणि सरकारी खात्यांत पुन्हा एकदा आकडेमोड सुरू झाली. निवृत्त न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखालील या आयोगाला अहवालासाठी १८ महिन्यांची मुदत आहे. त्याच्या शिफारशी मुख्यत्वे केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी असल्या, तरी गोव्याचे वेतन केंद्राच्याच धर्तीवर ठरत आल्याने त्यांकडे येथील कर्मचाऱ्यांचेही डोळे लागले आहेत. त्यांत एक वर्ग असा आहे, की ज्याच्याविषयी समाजात क्वचितच बोलले जाते. तो म्हणजे तुरुंगाच्या भिंतीआड आयुष्य काढणारे जेलगार्ड, हवालदार आणि तुरुंगाधिकारी. त्यांचा प्रश्न मात्र केवळ वेतनवाढीने सुटणारा नाही.

सेवेच्या पहिल्या पायरीवरील वेतनाचा विचार केला, तर पोलीस आणि तुरुंग यांतील अंतर अनेक ठिकाणी मिटले आहे. महाराष्ट्रात पोलीस शिपाई आणि कारागृह शिपाई या दोघांचीही वेतनश्रेणी २१,७०० रुपयांपासून सुरू होते. दोघांची भरतीही एकाच मोहिमेत होते. २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजुरी दिलेल्या १५,६३१ पदांत कारागृह शिपायांची ५८० पदे होती. दिल्लीच्या तुरुंगांतील वॉर्डरही याच, म्हणजे तिसऱ्या स्तरावर सेवेत येतो. एकाच मैदानावर धावलेले दोन तरुण एकाच पगारावर रुजू होतात. त्यांच्या वाटा वेगळ्या होतात त्या पुढे.

पोलीस शिपायापुढे वाहतूक, गुन्हे अन्वेषण, बिनतारी यंत्रणा, विशेष शाखा अशी अनेक दालने असतात आणि खातेअंतर्गत परीक्षा देऊन उपनिरीक्षक होण्याची वाटही असते. कारागृह शिपायापुढे हवालदार आणि सुभेदार या पायऱ्या आहेत; परंतु ती पदे मोजकी आणि रांग लांब. सरकारने यावर काढलेला तोडगा म्हणजे आश्वासित प्रगती योजना. दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर कर्मचाऱ्याला वरची वेतनश्रेणी मिळते. मात्र पद, अधिकार आणि जबाबदारी यांत काडीचाही फरक पडत नाही. केंद्राच्या वेतनतक्त्यात तिसऱ्या स्तरावर रुजू झालेला कर्मचारी बढती न मिळता या योजनेने तीस वर्षांनी सहाव्या स्तराला पोहोचतो. दिल्लीत सहायक तुरुंग अधीक्षक सेवेच्या पहिल्याच दिवशी त्या स्तरावर असतो. मधल्या वार्षिक वाढींमुळे हाती पडणारी रक्कम अधिक असते, हे खरे. पण तीस वर्षांच्या अनुभवाला खात्यात स्थान मिळत नाही, हेही तितकेच खरे.

अधिकाऱ्यांची कोंडी निराळी आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत कारागृह विभागाचे प्रमुखपद भारतीय पोलीस सेवेकडे असते. गोव्यात महानिरीक्षक प्रशासकीय वा पोलीस सेवेतून येतो. येरवडा असो, हिंडलगा असो वा कोलवाळ, बराकींत उमेद घालवलेल्या अधिकाऱ्याला आपल्याच खात्याचे नेतृत्व सहसा लाभत नाही. बाहेरून आलेल्या नेतृत्वाने काहीच साधत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९३ ते १९९५ या काळात किरण बेदी यांनी तिहारमध्ये घडवलेले बदल सर्वज्ञात आहेत. परंतु असा अधिकारी दोन-तीन वर्षांत बदलून जातो. मागे उरतात ते तेथेच निवृत्त होणारे कर्मचारी. सुधारणा टिकते की विरते, हे त्यांच्यावर अवलंबून असते.

हे निदान नवे नाही. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्येच तुरुंग कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती सुधारण्याबरोबर त्यांच्यासाठी स्वतंत्र अखिल भारतीय सेवा असावी, अशी शिफारस केली होती. राज्यघटनेच्या ३१२व्या कलमानुसार अशा सेवेसाठी राज्यसभेचा दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव लागतो. चार दशके उलटली, तरी ती सेवा अस्तित्वात आलेली नाही. १९९६ मध्ये राममूर्ती खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कारागृहांच्या नऊ प्रमुख समस्या नोंदवल्या. गर्दी, रखडलेले खटले, आरोग्य, अन्न, भेटी असे कैद्यांच्या जगण्याशी निगडित विषय त्यांत होते आणि ते योग्यच होते. मात्र ज्यांच्या हातून या समस्या सुटायच्या, त्या कर्मचाऱ्यांच्या सेवेचा प्रश्न त्या यादीत स्वतंत्रपणे नव्हता.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकडेवारीनुसार देशातील तुरुंगांत क्षमतेच्या १३१.४ टक्के कैदी होते आणि मंजूर पदांपैकी सुमारे ३० टक्के पदे रिक्त होती. सहा कैद्यांमागे एक रक्षक असावा, असे आदर्श कारागृह नियमावली सांगते. कैदी वाढलेले आणि रक्षक घटलेले असले, की सकाळची मोजदाद, न्यायालयीन सुनावण्या, मुलाखती आणि रात्रपाळी यांचा भार उरलेल्यांवर पडतो. दुसरी नोकरी मिळताच तरुण निघून जातो. जो राहतो, त्याच्यापुढे दिवसभर कैद्यांचेच जग असते आणि त्या जगात पैसा असलेले लोकही असतात. कारागृहात मोबाईल वा अमली पदार्थ सापडले, की निलंबनाची बातमी येते. लाचखोरीला क्षमा नाही, हे निर्विवाद. पण ज्या नोकरीत प्रामाणिकपणाचे फळ बढतीच्या रूपाने दिसत नाही, तेथे मोहाची किंमत स्वस्त होते, हेही ध्यानात घ्यायला हवे.

छोट्या राज्यात ही कोंडी अधिकच घट्ट होते. आग्वादचा तुरुंग २०१५ मध्ये कोलवाळला हलला, इमारत आधुनिक झाली. पण राज्यात मध्यवर्ती कारागृह एकच असल्याने वरिष्ठ पदेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. मोठ्या राज्यात एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात बदलीवर तरी बढती मिळते. येथे वरचा माणूस निवृत्त होईपर्यंत खालच्याने वाट पाहायची. वेतन आयोग कितीही उदार असला, तरी तो राज्याच्या खात्यात नवी पदे निर्माण करू शकत नाही. तुरुंग हा राज्यसूचीतील विषय आहे आणि पदरचना ठरवणे हे राज्य सरकारचेच काम आहे.

म्हणूनच आयोगाच्या अहवालाची वाट न पाहता राज्याला काही करता येईल. अधीक्षकपदापर्यंतची वाट खात्यातील अधिकाऱ्यांसाठी नियमांनीच खुली करता येईल. अधिकारीपदांचा ठराविक वाटा सेवेतील रक्षकांसाठी खातेअंतर्गत परीक्षेने भरता येईल. समुपदेशन, व्यवसाय प्रशिक्षण, पॅरोलचा पाठपुरावा यांसाठी सुधारशाखा उभारली, तर बंदोबस्तापलीकडचे काम करू इच्छिणाऱ्या रक्षकाला नवी पायरी मिळेल आणि पदांची संख्याही वाढेल. यांतील कशालाही दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.

देशातील दर चार कैद्यांपैकी तिघे कच्चे कैदी आहेत. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे. रात्री छातीत कळ आलेल्या अशा एखाद्या कैद्याची हाक प्रथम ऐकतो तो बराकीबाहेरचा रक्षक. तो सलग दुसऱ्या पाळीवर आहे की ताजातवाना, आपल्या नोकरीला पुढे काही भवितव्य आहे असे त्याला वाटते की नाही, यावर त्या हाकेला मिळणारे उत्तर ठरते. त्या रक्षकाच्या बढतीचा प्रश्न केवळ त्याचा एकट्याचा नाही, तो एवढ्यासाठीच.