सैनिकांच्या घरची दिवाळी : आपला समाज काय करू शकतो?



यंदाची दिवाळी झाली. फराळाचे डबे रिकामे झाले, तुळशीची लग्नेही लागली. दरवर्षीप्रमाणे याही वर्षी दूरदर्शनवर जवानांची दिवाळी आपण सर्वांनी पाहिली. पंतप्रधानांनी २० ऑक्टोबर २०२५ ला गोवा-कारवारच्या समुद्रात आयएनएस विक्रांतवर नौसैनिकांबरोबर सण साजरा केला. २०२४ मध्ये ते कच्छमध्ये होते, त्याआधीच्या वर्षी हिमाचलातल्या लेपचा येथे. ही प्रथा चांगलीच आहे. पण सणाच्या दिवसांत कॅमेरा सीमेवर जातो आणि सगळ्यांचे लक्षही तिकडेच जाते. ज्या घरातून तो जवान गेला, त्या घरी त्या दिवशी काय चालले आहे, हे कोणी फारसे विचारीत नाही. हा लेख त्या घरांविषयी आहे.

धार आणि देवासच्या मराठी माणसाला हा विषय परका नाही. आपण माळव्यात आलो तेच मुळी फौजेबरोबर. पवारांची धारची गादी आणि देवासच्या थोरल्या व धाकट्या पाती घोड्यावरच्या माणसांनी उभ्या केल्या. धारचे यशवंतराव पवार १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर पडले. संक्रांतीच्या आसपासचेच ते दिवस होते. पुढच्या काळात महूची छावणी आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महूला झाला, कारण त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ तिथे लष्करी शाळेत होते. म्हणजे घटनेचे शिल्पकारही एका फौजी घरातलेच. आजही पीथमपूर ओलांडले की महू लागते, आणि तिथे इन्फंट्री स्कूल, दूरसंचार अभियांत्रिकीचे लष्करी महाविद्यालय आणि आर्मी वॉर कॉलेज आहे. बदलीवर महूला आलेली मराठी कुटुंबे आपल्या गणेशोत्सवाला येतात, दोन-तीन वर्षांनी पुढे जातात. त्यांचे पुढे काय झाले याची चौकशी मात्र क्वचितच होते.

रजा का मिळत नाही?

"दिवाळीला तरी सोडायला हवे होते," असे आपण सहज म्हणतो. हिशेब पाहिला तर अडचण कळते. लष्करातल्या जवानाला वर्षाला साधारण ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची नैमित्तिक रजा असते. रजा कमी नाही, पण सगळ्यांना ती एकाच आठवड्यात देता येत नाही. पलटणीला ठरावीक संख्या जागेवर ठेवावीच लागते. त्यामुळे एकाला दिवाळी मिळते, दुसऱ्याला होळी, तिसऱ्याला शेतीच्या कामाचे दिवस. अग्निवीरांना तर वर्षाला ३० दिवसच रजा आहे. २०२२ पासून भरती झालेल्या या मुलांच्या घरी चार वर्षांत एखादी दिवाळी पदरात पडली तरी पुष्कळ.

रजा मिळाली तरी गाडी मिळेलच असे नाही. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. सर्वसाधारण प्रवाशाला हा बदल सोयीचा वाटला. पण ज्याची रजा आठ दिवस आधी पक्की होते, त्याच्यासाठी दोन महिने काय आणि चार महिने काय! दिवाळी आणि छठच्या गर्दीत त्याच्या वाट्याला तत्काळ किंवा प्रतीक्षायादी येते. महूहून निघणारी मालवा एक्स्प्रेस इंदूर, देवास, उज्जैनवरून थेट कटऱ्याला जाते, त्यामुळे देवासकरांना तेवढा आधार आहे. धारच्या माणसाला मात्र गाडीसाठी आजवर इंदूर किंवा रतलामच गाठावे लागले आहे.

२०२५ मध्ये त्यात आणखी एक भर पडली. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजा रद्द झाल्या आणि घरी आलेल्या जवानांना परत बोलावले गेले. खानदेशातला एक जवान तर लग्नानंतर तीनच दिवसांत निघाला. लढाई चार दिवसांत थांबली, पण घरच्यांच्या मनातली धास्ती चार दिवसांत थांबत नाही. ज्या घराने मे महिन्यातल्या त्या रात्री जागून काढल्या, त्या घरात लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा आवाज कसा ऐकू येत असेल, याचा विचार आपण करायला हवा.

सण म्हणजे काम, आणि काम एकटीचे

विरहाविषयी पुष्कळ लिहिले-बोलले जाते. आम्ही बँकेत उभी हयात काढलेली माणसे, त्यामुळे आम्हाला दुसरी बाजू जास्त दिसते. सण म्हणजे काम. घराची साफसफाई, फराळ, मुलांच्या सहामाही परीक्षा, सासऱ्यांची औषधे, गॅस, विजेचे बिल, माहेरची भाऊबीज आणि सासरचा पाडवा. दोघांत वाटून घ्यायचे हे काम जवानाची पत्नी एकटीने करते. पाडव्याला ओवाळायचे ते फोनच्या पडद्याला, आणि तोही रेंज असली तर.

याच दिवसांत कागदपत्रांचीही कामे येतात. नोव्हेंबर हा हयातीच्या दाखल्याचा महिना. बहुतेक निवृत्त सैनिक आणि कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या भगिनींना तो याच महिन्यात द्यावा लागतो. पूर्वी संरक्षण खात्याचे निवृत्तिवेतन बँकांमार्फत निघत असे. काउंटरवरचा माणूस ओळखीचा असे, तो आजींना बसवून सही घेई. आता बहुतेकांचे निवृत्तिवेतन 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून निघते. व्यवस्था वाईट नाही, पैसे वेळेवर येतात. पण सत्तरीच्या आजींना लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी यांची भाषा कोण शिकवणार? दाखला राहिला की निवृत्तिवेतन थांबते, आणि थांबल्याचे बऱ्याचदा दोन महिन्यांनी, किराणा भरताना कळते.

यावर उपाय आहेत. चेहरा दाखवून मोबाइलवर दाखला देण्याची सोय २०२१ पासून आहे. पोस्टमनही घरी येऊन ७० रुपयांत हे काम करतो. २०२५ मध्ये संपूर्ण नोव्हेंबर महिना यासाठी देशभर मोहीम होती. समाजातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाने रविवारी दोन तास दिले तर दहा घरांचे काम होईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बदललेल्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट, संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून मिळणारी मदत दुप्पट झाली आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना नवे दर लागू आहेत. ज्यांना निवृत्तिवेतन नाही अशा ६५ वर्षांवरील गरजू माजी सैनिकांना किंवा त्यांच्या विधवांना महिन्याला ४,००० ऐवजी ८,००० रुपये मिळतील. दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी प्रत्येकी महिन्याला १,००० ऐवजी २,००० रुपये मिळतील. मुलीच्या लग्नासाठी आणि विधवेच्या पुनर्विवाहासाठी ५०,००० ऐवजी १,००,००० रुपये मिळतील. पात्रतेच्या अटी आहेत, त्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नीट समजावून घ्याव्यात. अर्ज केल्याशिवाय काहीच मिळत नाही, आणि अर्ज न करणारी माणसे बहुधा सर्वांत गरजू असतात, हा आमचा नोकरीतला अनुभव आहे.

दुसरी गोष्ट बँकेची. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते. वरवर हा छोटासा बदल दिसतो, पण सैनिकाच्या घरात तो मोठा आहे. मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असताना भरती होतो, खाते उघडतो आणि आईचे नाव घालतो. पुढे लग्न होते, पण खात्यावरचे नाव तेच राहते. उद्या काही बरेवाईट झाले तर सासू आणि सून समोरासमोर येतात, आणि दोघींचेही दुःख खरे असते. आता आई आणि पत्नी दोघींची नावे हिश्शासह घालता येतात. सुट्टीवर आलेल्या प्रत्येक मुलाला घरच्यांनी ही आठवण करावी.

त्याच जोडीला लग्नाची नोंद पलटणीच्या भाग दोन आदेशात झाली आहे ना, हेही पाहावे. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची पद्धत आहे. आधारवर माहेरचे नाव, पासबुकावर सासरचे, लष्कराच्या नोंदीत तिसरेच. असे झाले की कुटुंब निवृत्तिवेतनाची फाइल महिनोन् महिने अडकते. एका अक्षराच्या फरकासाठी शपथपत्रे करीत फिरणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत.

सीमा सुरक्षा दल किंवा केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या जवानांच्या घरांची एक वेगळी अडचण आहे. आपण त्यांनाही फौजीच म्हणतो, आणि धोका तेवढाच असतो. पण ती दले गृह मंत्रालयाखाली येतात, म्हणून सैनिक कल्याण कार्यालयाच्या योजना त्यांना लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी कल्याण आणि पुनर्वसन मंडळ वेगळे आहे. चुकीच्या दारात जाऊन परत येणाऱ्यांना योग्य दार दाखवणे, एवढी मदतही मोठी असते.

हळदीकुंकवाचा प्रश्न

आता थोडे अवघड बोलतो. दोन महिन्यांनी संक्रांत येईल आणि समाजाच्या सभागृहात हळदीकुंकू होईल. सैनिकांच्या पत्नींना आपण आवर्जून बोलावतो, वाण देतो, फोटो काढतो. पण ज्यांचे पती परत आले नाहीत, त्या वीरपत्नींना बोलावणे जात नाही. २६ जानेवारीला त्यांनाच मंचावर बसवून शाल-श्रीफळ देतो. बारा दिवसांच्या अंतरात एकाच बाईला आपण एकदा सन्मानाची आणि एकदा वगळण्याची पात्र ठरवतो. हे बरोबर आहे का?

काही ज्येष्ठ भगिनी म्हणतात, "बोलावले तर तिलाच वाईट वाटेल." असे वाटूही शकते. पण ते ठरवायचे कोणी? आपण बोलावणे द्यावे, यायचे की नाही ते तिने ठरवावे. आली तर तिला इतर सगळ्यांसारखेच कुंकू आणि वाण द्यावे, वेगळी खुर्ची नको आणि भाषणही नको. नाही आली तर तिळगूळ घेऊन तिच्या घरी जावे.

परंपरेचा आधार हवा असेल तर तो इथेच आहे. ३१ मे २०२५ रोजी अहिल्यादेवींची ३०० वी जयंती आपण मोठ्या थाटाने साजरी केली. अहिल्यादेवी कोण होत्या? १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडलेल्या खंडेराव होळकरांच्या पत्नी. धारची गादी पडत्या काळात ज्यांनी तोलून धरली, त्या मैनाबाईही विधवाच होत्या. माळव्यात मराठी माणसाचे नाव ज्या स्त्रियांमुळे राहिले, त्या आज हयात असत्या तर आपल्या हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांना गेले असते का? महाराष्ट्रात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने त्याचा कित्ता गिरवण्याचे परिपत्रक काढले. एक खेडेगाव जे करू शकते, ते शिकल्यासवरल्या आपल्या समाजाला जड जाऊ नये.

आपण करण्यासारखे

खर्चाचे असे यात काही नाही. समाजाच्या दोन्ही शहरांतल्या कार्यकारिणीने सैनिक, अर्धसैनिक आणि माजी सैनिक कुटुंबांची यादी करावी; ती पदाधिकाऱ्यांकडेच राहावी, गटावर टाकू नये. कोण कुठे तैनात आहे, कधी सुट्टीवर येतो, हे कौतुकाने व्हॉट्सॲपवर लिहिले जाते. ते टाळावे. लष्कराने २०२० मध्ये जवानांना ८९ ॲप काढून टाकायला सांगितली होती, ती उगाच नाही.

प्रत्येक घरामागे समाजातले एक कुटुंब जोडून द्यावे. त्यांनी रोज जाऊन सांत्वन करायचे नाही. रात्री दवाखान्यात जायची वेळ आली तर फोन कोणाला करायचा, हे त्या घराला ठाऊक असावे, इतकेच. जमिनीचा किंवा भाऊबंदकीचा वाद असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २६ जुलै २०२५ ला सुरू केलेल्या वीर परिवार सहायता योजनेतून सैनिक कुटुंबांना मोफत कायदेशीर मदत मिळते. मनाचा ताण असह्य होत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर बोलता येते. सैन्यदले आणि त्यांच्या कुटुंबांसाठी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात त्याचा वेगळा कक्ष आहे. हे क्रमांक आणि पत्ते समाजाच्या फलकावर कायम लावावेत.

पुढच्या वर्षी फराळ पाठवायचा असेल तर तयारी लवकर हवी. ५६ किंवा ९९ एपीओच्या पत्त्यावर पार्सल पोहोचायला वेळ लागतो. चकली, शंकरपाळे, चिवडा तग धरतात, करंज्या आणि अनारसे वाटेत मोडतात. तेव्हा कोजागरीची वाट न पाहता दसऱ्याच्या आधीच डबे निघावेत. आणि एक डबा सीमेवर जाईल तेव्हा दुसरा त्याच्या घरीही जावा, कारण एकटीसाठी फराळाचा घाट घालायचा उत्साह बऱ्याच घरी नसतो.

येत्या ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. १९४९ पासून तो पाळला जातो, आणि त्या निधीतूनच वर सांगितलेली मदत जाते. देणगीला आयकरात सूटही आहे. ध्वज छातीला लावून दहा रुपये डब्यात टाकण्याच्या पुढे यंदा आपण जावे. त्या आठवड्यातल्या कार्यकारिणीच्या बैठकीत कुटुंबांची यादी, कागदपत्रांसाठी रविवारचे दोन तास आणि हळदीकुंकवाचे बोलावणे, असे तीन विषय घ्यावेत, ही आमची विनंती. तिसऱ्या विषयावर मतभेद होतील. होऊ द्यावेत, पण चर्चा भगिनी मंडळाच्या उपस्थितीत व्हावी आणि निर्णय संक्रांतीच्या आधी व्हावा.