फुकट मिळते ते सगळे मुक्त नसते

बोईसर-तारापूर पट्ट्यातल्या अनेक कंत्राटी कामगारांच्या घरी एकच स्मार्टफोन असतो. वडील पाळीवर गेले की फोनही जातो. म्हणून रविवारी विहारात भरणाऱ्या आमच्या अभ्यासवर्गात आम्ही एका संकेतस्थळावरचे गणिताचे व्हिडिओ दाखवायचो. ऐन परीक्षेच्या तोंडावर ते धडे सशुल्क ॲपमध्ये गेले. आमच्याकडे प्रत नव्हती आणि प्रत ठेवण्याचा हक्कही नव्हता.

फुकट पाहायला मिळणे वेगळे आणि वापरण्याचा हक्क मिळणे वेगळे. बालभारतीची पुस्तके ई-बालभारतीवरून मोफत उतरवता येतात, पण त्यांचे हक्क राखीव आहेत. मुक्त परवान्याच्या साहित्यात मात्र परवानगी आधीच दिलेली असते. मूळ कर्त्याचे नाव द्यायचे आणि परवान्याच्या अटी पाळून प्रती काढायच्या, वाटायच्या, भाषांतर करायचे.

असे साहित्य मराठीत आहे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे संगणकाचे अनेक धडे मराठीत ऐकता येतात. एकदा उतरवले की इंटरनेट लागत नाही. अट एवढीच की त्यात बदल करून नवा धडा केला, तर तोही त्याच परवान्याखाली खुला ठेवायचा. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीविव्हर’वरच्या गोष्टीही मुक्त परवान्याच्या आहेत. डहाणू-जव्हारकडच्या पाड्यावरचे मूल घरी वारली बोलत असेल, तर तीच गोष्ट वारलीत करून छापायला कुणाची वेगळी परवानगी लागत नाही.

आता बाबासाहेबांच्या साहित्याकडे पाहू. त्याच्या पीडीएफ आपल्या गटांत रोज फिरतात. कायद्याने लेखकाचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे टिकतो. त्यामुळे ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ (1936) सारखे हयातीत प्रसिद्ध झालेले इंग्रजी ग्रंथ 1 जानेवारी 2017 पासून सर्वांचे झाले. महापरिनिर्वाणानंतर छापलेल्या ग्रंथांची 60 वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. म्हणून 1957 चा ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ 2018 मध्ये खुला झाला, तर 1987 मध्ये प्रथम छापलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ची मुदत 2047 अखेर संपेल. मराठी अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो. कुणाचा अनुवाद वाचून त्याचे ऑडिओबुक यूट्यूबवर टाकायचे, तर परवानगी हवी. खुल्या झालेल्या मूळ ग्रंथावरून आपला स्वतःचा मराठी पाठ मात्र आपण तयार करू शकतो.

मुक्त साहित्य आले म्हणून शिकवणाऱ्याची गरज संपत नाही, आणि त्याने फुकट राबावे असाही अर्थ होत नाही. त्याचे मानधन ठरलेच पाहिजे. वाचतो तो वेळ: तोच धडा पालघर, बोईसर आणि वाड्यात तीनदा बनवावा लागत नाही.

पुढची बॅच सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वर्गाने आपल्या साहित्याचा परवाना तपासावा आणि मुक्त धड्यांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा यावर आपण व्हिडिओ करतो, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स काढतो. त्यांवरही परवान्याची एक ओळ लिहू या. नाहीतर उद्या दुसऱ्या वस्तीतल्या कार्यकर्त्यासमोर आपणच कुलूप लावलेले असेल.