पडद्याबाहेरचे निवेदन

‘ब्लेड रनर’ या चित्रपटातला रिक डेकर्ड माणूस आहे की तो ज्यांची शिकार करतो त्यांच्यासारखाच प्रयोगशाळेत घडवलेला ‘रेप्लिकंट’, यावर त्या चित्रपटाचा दिग्दर्शक आणि नायक यांचे अनेक दशके पटले नाही. रिडली स्कॉट म्हणत राहिला, तो रेप्लिकंटच आहे. हॅरिसन फोर्ड म्हणत राहिला, तो माणूस आहे आणि तसे आमचे दोघांचे ठरलेही होते. प्रेक्षकाला जीव लावायला पडद्यावर एक तरी माणूस हवा. मग २०२३ मध्ये एका मुलाखतीत फोर्डने सांगून टाकले की, आपण रेप्लिकंट आहोत हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते, फक्त ते त्याला मान्य करायचे नव्हते. यावरची प्रतिक्रिया अपेक्षित होती: चला, वाद मिटला. कोणी आनंदले, कोणी हिरमुसले, पण जणू न्यायालयाचा निकाल लागला असे बहुतेक जण धरून चालले. या धरून चालण्यालाच माझी हरकत आहे. कलावंताने मुलाखतीत दिलेले उत्तर हा चित्रपटाचा भाग नसतो. ते बाहेरून चढवलेले निवेदन असते, आणि बाहेरून चढवलेल्या निवेदनाने या चित्रपटाचे काय केले होते, याचा इतिहास आपल्यासमोर आहे.

तो इतिहास प्रेक्षकांच्या प्रतिक्रियेपासूनच सुरू होतो. १९८२ च्या मार्चमध्ये डेन्व्हर आणि डॅलस इथे चित्रपटाचे टेस्ट स्क्रीनिंग झाले. लोकांना कथा कळली नाही, शेवट खिन्न वाटला. पैसा लावणारे घाबरले. फोर्डच्या आवाजात निवेदन घातले गेले, पडद्यावर जे दिसते आहे तेच पुन्हा सांगणारे आणि नायकाच्या मनातले उलगडून ठेवणारे. ते आपल्याला कधीच पटले नव्हते, असे फोर्डने पुढे वेळोवेळी सांगितले आहे. शेवटी अंधाऱ्या, पावसाने भिजलेल्या लॉस एंजेलिसमधून डेकर्ड आणि त्याची रेप्लिकंट प्रेयसी रेचल हिरव्या डोंगरांकडे निघून जातात, असा सुखाचा तुकडा जोडला. त्यातली आकाशातून टिपलेली दृश्ये तर स्टॅनले कुब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी चित्रित होऊन उरलेली होती. एवढे करूनही २५ जून १९८२ ला लागलेला चित्रपट चालला नाही. दोन आठवडे आधी आलेल्या ‘ई. टी.’ने गर्दी खेचून घेतली होती, आणि सुमारे तीन कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाला अमेरिकेतल्या पहिल्या प्रदर्शनात तेवढीही कमाई झाली नाही. पुढे १९९० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये निवेदन जवळपास नसलेली आणि सुखान्तही नसलेली जुनी प्रत दाखवली गेली आणि लोकांना आपण काय गमावले होते ते कळले. १९९२ च्या ‘डायरेक्टर्स कट’मध्ये दोन्ही गोष्टी काढल्या गेल्या. २००७ मध्ये ‘फायनल कट’ आला. स्कॉटला पूर्ण मोकळीक मिळालेली ही एकमेव आवृत्ती. अर्थ समजावून सांगणारा आवाज गेल्यावर चित्रपट मोठा झाला, यावर समीक्षक आणि चाहते यांचे जवळपास एकमत आहे.

मग गंमत अशी की, ज्या चाहत्यांनी निवेदन निघाल्याचा आनंद साजरा केला, त्यांनीच ते दुसऱ्या दाराने परत आत घेतले. २००० साली ब्रिटनच्या ‘चॅनल फोर’वरच्या माहितीपटात स्कॉटने डेकर्ड रेप्लिकंट असल्याचे स्पष्ट सांगितले. त्यानंतर त्याची प्रत्येक मुलाखत, फोर्डचा प्रत्येक नकार, दोघांचा प्रत्येक चिमटा पुरावा म्हणून जमवला जाऊ लागला. १९८२ चे निवेदन आणि या मुलाखती यांत तत्त्वतः फरक काय? दोन्हींत पडद्यावर जे अनिश्चित आहे ते कुणाचा तरी आवाज निश्चित करतो. दोन्ही प्रेक्षकाच्या अस्वस्थतेवरचा उतारा म्हणून येतात. उलट १९८२ चे निवेदन तरी चित्रपटाच्या आत होते. ते वाईट असले तरी त्याच्याशी भांडता येत होते. मुलाखतीतले उत्तर चित्रपटाला हातही न लावता पुढच्या प्रत्येक पाहण्यावर बसून राहते. ज्याने ते ऐकले आहे, त्याला पहिल्या दृश्यापासून शंकेची जागाच उरत नाही, आणि शंका हाच तर या चित्रपटाचा श्वास आहे.

चित्रपटात प्रत्यक्ष काय आहे ते पाहू. रेचलला आपल्या लहानपणाच्या आठवणी खऱ्या वाटतात, पण त्या रेप्लिकंट घडवणाऱ्या टायरेलच्या पुतणीच्या आहेत आणि तिच्यात बसवलेल्या आहेत. डेकर्ड तिला तिच्या सर्वांत खासगी आठवणी घडाघडा सांगतो, तेव्हा तिच्यापाशी स्वतःचे म्हणून काही उरत नाही. १९९२ पासूनच्या आवृत्त्यांत डेकर्डला एकशिंगी घोड्याचे स्वप्न पडते आणि शेवटी गॅफ नावाचा पोलीस त्याच्या दारात कागदाचा एकशिंगी घोडा ठेवून गेलेला दिसतो. डेकर्डला रेचलच्या आठवणी ठाऊक होत्या, तशी गॅफला डेकर्डची स्वप्ने ठाऊक आहेत का, असा प्रश्न उभा राहतो. पुरावा भक्कम आहे, नाकारण्यासारखा नाही. पण १९८२ मध्ये प्रेक्षकांनी पाहिलेल्या चित्रपटात ते स्वप्नच नव्हते. तिथे कागदी घोड्याचा अर्थ एवढाच होतो की, गॅफ येऊन गेला आणि त्याने रेचलला जिवंत सोडले. शिवाय उलट पुरावाही आहे. लिऑन, प्रिस, रॉय बॅटी या रेप्लिकंटांपैकी ज्याच्याशी झटापट होते त्याच्याकडून डेकर्ड मार खातो. त्याच्या अंगात रेप्लिकंटचे बळ कुठेच दिसत नाही. म्हणजे उत्तर आवृत्तीगणिक बदलते, आणि एकाच आवृत्तीतही ते दोन्हीकडे झुकते.

‘सहाव्या रेप्लिकंट’ची गोष्ट याहून बोलकी आहे. मूळ चित्रपटात पोलीस अधिकारी ब्रायंट सांगतो की सहा रेप्लिकंट पळाले, एक मेला. उरतात पाच. प्रत्यक्षात शिकार होते चौघांची. मग मोजणीतला सहावा कोण? डेकर्डच, असा तर्क चाहत्यांनी अनेक वर्षे लढवला. खरे कारण साधे होते. मेरी नावाचे एक पात्र निर्मितीदरम्यान गाळले गेले आणि संवादातला आकडा तसाच राहिला. २००७ च्या आवृत्तीत ‘दोन मेले’ असा बदल करून ती चूक दुरुस्त झाली. कर्त्यांच्या मनात नसलेला अर्थ निव्वळ हिशेबाच्या चुकीतून जन्मला, आणि तरी तो चित्रपटाच्या शंकेशी इतका जुळला की कोणाला खटकला नाही. अर्थ कर्त्याच्या डोक्यातून प्रेक्षकाच्या डोक्यात सरळ ओतला जात नाही, याचा याहून चांगला दाखला कोणता? मात्र चूक कळल्यावर तो तर्क सोडावा लागतो, हेही तितकेच खरे. त्याकडे पुढे येऊ.

पहिला आक्षेप उघड आहे. ज्याने चित्रपट केला त्याला जास्त कळणार की खुर्चीत बसलेल्याला? प्रश्न बिनतोड वाटतो, पण त्यात ‘ज्याने केला’ हे एकवचन फसवे आहे. फिलिप के. डिकच्या १९६८ च्या कादंबरीत डेकर्ड माणूसच आहे. कृत्रिम माणसांना मारता मारता खऱ्या माणसातले माणूसपण कसे आटत जाते, ही डिकची चिंता होती. पटकथा लिहिणाऱ्या हॅम्प्टन फँचरला प्रश्न उघडा राहायला हवा होता. नायक माणूस साकारत होता आणि दिग्दर्शक वेगळेच काही चित्रित करत होता. रॉय बॅटीचे मरतानाचे भाषण ती भूमिका करणाऱ्या रुटगर हावरने चित्रीकरणाच्या आदल्या रात्री स्वतः छाटले आणि शेवटाकडची एक ओळ स्वतःची घातली. आज चित्रपटातली सर्वांत गाजलेली जागा तीच आहे. यातला नेमका कर्ता कोण? आणि स्कॉटचाच शब्द प्रमाण मानायचा तर कोणत्या वर्षाच्या स्कॉटचा? सांगायचे एवढेच की, या सगळ्यांचा मतभेद ज्या एकाच ठिकाणी मिटला आहे ते ठिकाण म्हणजे प्रत्यक्ष चित्रपट. आणि तिथे तो मिटला आहे तो उत्तर देऊन नव्हे, प्रश्न धरून ठेवून.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कर्त्याचा शब्द अखेरचा नाही म्हटले की कोणीही काहीही अर्थ काढील. मग मत आणि मनमानी यांत फरक काय राहिला? फरक राहतो, आणि तो चित्रपटच राखतो. एकशिंगी घोड्याचे स्वप्न असलेली आवृत्ती पाहून ‘डेकर्ड निःसंशय माणूसच’ असे म्हणणाऱ्याला त्या घोड्याचा हिशेब द्यावाच लागेल. ‘निःसंशय रेप्लिकंट’ म्हणणाऱ्याला त्याच्या दुबळेपणाचा हिशेब द्यावा लागेल. सहाव्या रेप्लिकंटचा तर्क आकडा दुरुस्त होताच कोसळला, तो चित्रपटातला आधार गेला म्हणून. कोण्या मुलाखतीमुळे नव्हे. आपल्याकडे भरताच्या नाट्यशास्त्रात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना प्रेक्षकाच्या अंगी कोणते गुण असावेत, याचीही चर्चा आहे. प्रयोग प्रेक्षकात पुरा होतो, पण तेवढी पात्रता प्रेक्षकाने कमवावी, असा तो दुहेरी आग्रह आहे. दिग्दर्शकाच्या होकाराची वाट पाहणे म्हणजे पहिला अधिकार सोडून देणे, आणि वाटेल तो अर्थ काढणे म्हणजे दुसरी जबाबदारी झटकणे.

तिसरा आक्षेप असा की, मग कलावंतांनी बोलूच नये काय? त्यांचे ऐकण्याची उत्सुकता हा काही गुन्हा नाही. अर्थातच नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या बोलण्याला पुरावा मानायचे की निकाल, एवढाच. मायकेल केनने २०१८ मध्ये सांगितले की ‘इन्सेप्शन’ची पटकथा वाचून तो गोंधळला, तेव्हा क्रिस्टोफर नोलनने त्याला समजावले: तू ज्या प्रसंगात आहेस तो खरा. शेवटच्या प्रसंगात केन आहे. झाले, स्वप्न की सत्य हे ठरवणारा शेवटचा भोवरा पडतो आणि नायक खरोखर घरी पोचला, असे अनेकांनी जाहीर केले. पण हे उत्तर नटासाठी होते. आपण कोणत्या जगात उभे आहोत हे नटाला ठाऊक नसेल तर त्याला उभे राहता येत नाही. प्रेक्षकासाठी नोलनने जे ठेवले ते वेगळे आहे: भोवरा डळमळतो आणि पडण्यापूर्वी पडदा काळा होतो. उलट बाजूला कुब्रिक पाहा. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’साठी तयार केलेले निवेदन त्याने प्रदर्शनापूर्वी काढून टाकले आणि १९६८ मध्ये शेवटाचा अर्थ शब्दांत सांगण्यास नकार दिला. त्याच वर्षी आलेल्या आर्थर क्लार्कच्या कादंबरीत बरेच काही उलगडलेले आहे. तरी कादंबरी वाचलेला माणूसही चित्रपटाच्या शेवटाशी पुन्हा झगडतोच.

विज्ञानकथेच्या चित्रपटांना हा निकालाचा रोग जास्त जडतो, यालाही कारण आहे. विज्ञान म्हटले की प्रत्येक प्रश्नाला एक बरोबर उत्तर असणार आणि ते बनवणाऱ्याकडे असणार, असे आपण गृहीत धरतो. पण उत्तम विज्ञानकथा गणिताच्या पुस्तकासारखी मागच्या पानावर उत्तरे छापत नाही. ती एक अशक्य गोष्ट मान्य करून घेते आणि मग अगदी शक्य असलेल्या माणसाला अडचणीत टाकते. डेकर्डबाबतचा प्रश्न मुळात तांत्रिक नाही. आपल्या आठवणी आपल्याच आहेत हे कशावरून, आणि दुसऱ्याला माणूस मानण्यासाठी त्याच्या जन्माचा दाखला मागावा का, हे ते प्रश्न आहेत. त्यांची उत्तरे स्कॉटकडे नाहीत, फोर्डकडेही नाहीत.

म्हणूनच फोर्डचे २०२३ मधले बोलणे नीट ऐकले तर ते निकाल वाटतच नाही. रेप्लिकंटलाही आपण माणूस आहोत असेच मानायला आवडेल, निदान या रेप्लिकंटला तरी, असे त्याचे म्हणणे होते. याचा अर्थ, तो माणूस म्हणून साकारत होता आणि रेप्लिकंट असल्याचे नाकारत होता या दोन्ही गोष्टी एकाच अभिनयात बसतात. बाहेरून कोणीही पाहिले तरी त्या चेहऱ्यावर तेच दिसेल: स्वतःबद्दलची शंका दूर ठेवणारा एक थकलेला माणूस. चाळीस वर्षांचा वाद त्या एका वाक्यात मिटला नाही, त्या वादाची पडद्यावरची जागा मात्र कळली. दनी व्हिलनव्हने ‘ब्लेड रनर २०४९’मध्ये २०१७ साली नेमके हेच ओळखले. तिथे डेकर्डला त्याच्या घडणीबद्दल सूचक छेडले जाते आणि उत्तर दिले जात नाही.

तेव्हा प्रेक्षकांनी आणि मुलाखत घेणाऱ्यांनीही प्रश्न बदलायला हवा. ‘तो नक्की कोण आहे?’ हे विचारून मिळते ते फक्त आणखी एक निवेदन, १९८२ च्या निवेदनाइतकेच अनावश्यक. त्याऐवजी विचारावे की प्रसंग कसा रचला, काय गाळले, कोणता संवाद कोणी बदलला, दोघांचे कुठे पटले नाही. हावरने भाषण छाटले हे कळल्याने ते भाषण लहान होत नाही, आणखी बारकाईने ऐकावेसे वाटते. कलावंताकडून मिळू शकणारी माहिती ही आहे, आणि ती दुसरा कोणी देऊ शकत नाही. अर्थाचे काम मात्र त्याच्यावर सोपवू नये. डेन्व्हर आणि डॅलसच्या प्रेक्षकांना ते अवघड वाटले म्हणून एका मोठ्या चित्रपटाला दहा वर्षे अर्धवट रूपात राहावे लागले. तीच सोय आपण मुलाखतींतून पुन्हा मागत राहिलो, तर यावेळी दोष निर्मात्यांना देता येणार नाही.